व्हेपचा टँक धुवून वापरायचा का डिस्पोजेबल ओढून फेकायचं? (भावानं १० नग मागवलेत, म्हणून विचारायलोय)

औसेकर_परगावी
राम राम मंडळी. मी मूळचा औसा तालुक्यातला, सहा वर्षं झाली इंग्लंडात लेस्टरला आहे, पॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळी करतो. लातूरला एमआयडीसीत कामाला होतो तवापासून सिगरेट लागली ती इथं आल्यावर पण सुटली नाही, इथं २० चं पाकीट १५ पाउंडाच्या वर गेलंय म्हणजे निम्मा पगार त्यातच जायला लागला, मग २०२३ ला कामावरच्या एकानं ते रंगीत डिस्पोजेबल व्हेप, म्हणजे एकदाच वापरून फेकायची ई-सिगरेट, दिलं आणि मी त्याच्यावर आलो. दोन दिवसाला एक संपायचं. संपलं की डब्यात. दीड-दोन वर्षं असंच चाललं.

मग १ जून २०२५ पासून इथं एकदाच वापरायच्या सगळ्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली. दुकानदारानं एक रिफिलचा टँक हातात दिला, म्हणाला हा घे, ह्यात लिक्विड तू भरायचं, कॉइल, म्हणजे लिक्विड तापवणारी तार, तू बदलायची. पहिल्या आठवड्यात एवढा वैतागलो होतो की बाहेर फेकून द्यावा वाटलं. गळायचा, गुडगुड आवाज करायचा, एकदा तर असा जळका झुरका आला की घसा दोन दिवस धरला होता. मग हळूहळू कळलं की दोष त्याचा नव्हता, मी त्याला धूतच नव्हतो.

आता दर रविवारी धुतो. कसं ते सांगतो, कारण ह्यावर मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. आधी डिव्हाइस बंद करायचं, टँक बॅटरीवरून फिरवून वेगळा करायचा. उरलेलं लिक्विड टिशूवर ओतून टाकायचं. मग माउथपीस, वरचं झाकण, काच, खालचा बेस, सगळं सुटं करायचं. आत बारीक रबरी रिंगा असतात त्या सांभाळायच्या, एक जरी हरवली तरी टँक गळणारच. कोमट पाणी घ्यायचं, उकळतं नाही, उकळत्यानं रिंगा ढिल्या पडतात आणि काच तडकू शकते. थेंबभर भांड्याचा साबण, जुना मऊ ब्रश, आणि साबणाचा वास जाईपर्यंत तीन-चार पाण्यानं खळखळून काढायचं. मग पातळ सुती फडक्यावर पसरून ठेवायचं. रात्रभर. घाई केली अन् आत पाण्याचा थेंब राहिला की पहिल्याच झुरक्याला तोंडात गरम शिंतोडे येतात. बॅटरीला जिथं टँक फिरवून बसतो ते आटे कोरड्या कापसाच्या काडीनं पुसायचे, तिथं पाणी लावायचंच नाही.

कॉइल मात्र धूत नाही, ती बदलतो. तिच्या आत कापूस असतो. समईची वात आठवा. तेल असलं तोवर तेल जळतं अन् वात टिकते, तेल संपलं की वातच जळायला लागते आणि घरभर करपट वास सुटतो. हे अगदी तसंच आहे. म्हणून नवी कॉइल घातली की कापसावर तीन-चार थेंब सोडायचे, टँक भरायचा आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही, कापूस पूर्ण भिजू द्यायचा. माझा तो जळका झुरका ह्याच घाईचा होता.

आता मुद्द्याचं. माझा धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरला असतो, २४ वर्षाचा आहे. परवा फोन आला, "दादा दिवाळीला येतानी डिस्पोजेबलचे धा नग आण, इथं टपरीवर दीड दीड हजाराला द्यायलेत आन् ते बी डुप्लिकेट". मला रात्रभर झोप नाही. हा कधीपासून ओढायला लागला हेच मला माहीत नव्हतं. आणू नये हे मला कळतंय, पण त्याला काय सांगू? टँक घे म्हणू? सोड म्हणू? मी स्वतः ओढतो तर कोणत्या तोंडानं म्हणू?

गोदाकाठ_नांदेड
भाऊ एवढं धुत बसायला टाइम कुणाला हाय. रविवारी गाडी धुवायची का टँक. डिस्पोजेबलचं बरं, काढलं, ओढलं, संपलं. ना भरायची कटकट ना गळायची. खिशात कापडाला डाग बी नाही. आन् शेवटी हे नुसती पाण्याची वाफच तर असते, सिगरेटसारखा धूर थोडाच हाय.

फार्मसीवाली_जालना
गोदाकाठ दादा, ही "पाण्याची वाफ" वाली गोष्ट दुकानात रोज ऐकते म्हणून मुद्दाम लिहिते. त्यात पाणी जवळपास नसतंच. लिक्विड म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात निकोटीन आणि फ्लेवर. तार तापली की त्याचे अगदी बारीक थेंब हवेत तरंगतात, ते आपल्याला धुक्यासारखे दिसतात. आणि तार जास्त तापली, कापूस कोरडा पडला, की तेच ग्लिसरीन तुटून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतं. कढईत तेल जास्त तापून घरभर धूर झाला की डोळे चुरचुरतात ना, त्यात अ‍ॅक्रोलिनच असतं. शिवाय तारेतलं निकेल, क्रोमियम थोडं थोडं त्या थेंबात येतं.

सिगरेटमध्ये पानं जळतात, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतं, ते ह्यात होत नाही हे खरं आहे आणि म्हणूनच इंग्लंडात मोठ्या माणसांना सिगरेट सोडायला हे देतात. पण जो कधीच सिगरेट ओढत नव्हता त्याच्यासाठी ह्यात फायदा शून्य आहे. औसेकर दादा, तुमचा भाऊ आधी सिगरेट ओढायचा का थेट ह्याच्यावर आला, हे आधी विचारा. सगळं उत्तर त्यावर आहे.

औसेकर_परगावी
ताई विचारलं. थेट ह्याच्यावरच आला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी रूममधल्या पोरांत. सिगरेटचा वास आवडत नाही म्हणतो. हे ऐकून जास्तच वाईट वाटलं मला, कारण मी निदान सिगरेटवरून इकडं आलो, तो तर काहीच नव्हतं तिथून इथं आला.

सोल्डरिंगवाला_अंबाजोगाई
माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान हाय, वीस वर्ष झाली. गेल्या वर्षी एक पोरगं असलं डिस्पोजेबल घेऊन आलं, म्हणलं काका हे चार्ज करून द्या, लिक्विड आत शिल्लक हाय पण बॅटरी उतरली. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. उघडलं तर आत काय, ते सांगतो, कारण वरून ते खेळण्यासारखं दिसतंय.

बाहेर पातळ अल्युमिनियमची नळी. आत स्पंजाचा एक लोळा, चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी झालेला, त्याच्यात लिक्विड मुरलेलं. मधून एक बारीक नळी, तिच्यात तार. खालच्या बाजूला बारका गोल सेन्सर, डिट्टो मोबाइलच्या माइकसारखा, आपण ओढलं की त्याला कळतं आन् तार तापती. आन् सगळ्यात खाली लिथियमचा सेल. त्याच्यावरचा प्लास्टिकचा वेष्टन एका बाजूला लिक्विडनं ओलं होऊन सुटलेलं. वायर दोन, टाके कच्चे. मी आपलं सगळं तसंच झाकून बाजूला ठिवलं.

लोकाला खरं वाटत नाही पण तो सेल बऱ्याच वेळा पुन्हा चार्ज होणाराच असतो. चार्जिंगचं भोकच दिलेलं नसतं म्हणून फेकतात. असला सेल दोन दिवस वापरून घंटागाडीत टाकायचा हे बघून माझ्यासारख्याचं पोट दुखतंय. घंटागाडीत कचरा दाबला, सेल चेपला की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेतो. तिकडं इंग्लंडात कचऱ्याच्या गाड्यांना ह्याच्यानंच आगी लागायच्या म्हणतात, औसेकर भाऊ खरं का?

आन् हात जोडून सांगतो, पोरं यूट्यूबला बघून ते सेल काढून पॉवरबँक बनवायलीत. त्याला संरक्षणाचं सर्किट नसतंय. फुगलेला सेल बघितलाय मी, पापडासारखा नाही, पुरीसारखा टम्म. तसला वाळूच्या बादलीत टाकायचा आन् लांब व्हायचं.

औसेकर_परगावी
खरं आहे काका. बंदीची दोन मोठी कारणं दिली होती, एक कचरा आणि एक शाळेची पोरं. बंदीच्या आधी २०२३ ला इथं आठवड्याला ५० लाखाच्या आसपास असले नग फेकले जायचे असा अंदाज आला होता. आठवड्याला! मी दोन वर्षं दोन दिवसाला एक टाकला, त्याचा हिशोब केला तर तीनशेच्या वर होतात. तीनशे सेल मी एकट्यानं कचऱ्यात टाकले, तुमचं वाचून अंगावर काटा आला.

आणि पळवाट पण सांगतो. बंदी आल्यावर कंपन्यांनी त्याच आकाराच्या नळ्या काढल्या, खाली चार्जिंगचं भोक आणि वर बदलायची पॉड, म्हणजे लिक्विडची डबी. कायद्यानं ते रिफिलवालं ठरतंय. पण किंमत तेवढीच ठेवलीय, म्हणून लोक पॉड न बदलता अख्खंच फेकतात अजून. नियम पाळला अन् सवय तशीच राहिली.

बोरीचा_गणू
भाऊ कुठं मिळतं ते सांगा ना परभणीत, डिस्पोजेबल नको टँकवालंच, नंबर असला तर

संपादक
वरच्या सदस्याला सूचना. विक्रेत्याचा नंबर, पत्ता, लिंक काहीही इथं देऊ किंवा मागू नका. तसले प्रतिसाद काढले जातील. चर्चा चालू ठेवा.

वकील_धाराशिव
संपादकांनी बरोबर केलं. कायद्याचं मी स्पष्ट लिहितो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की डिस्पोजेबलला बंदी आहे आणि टँकला नाही. भारतात असा फरक नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला आणि त्याच डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळं बंद. टँक असो, पॉड असो, एकदाचं असो, सुटे भाग असोत. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

औसेकर, तुम्ही बॅगेत दहा नग घालून मुंबईला उतरलात तर ती आयात आहे. भावासाठी आणलं, विकायला नाही, हे तिथं सांगत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये. तुमचा स्वतःचा टँकसुद्धा तिकडेच ठेवून या. व्हिसावर राहणाऱ्या माणसानं असल्या भानगडीत कशाला पडायचं.

गोदाकाठ_नांदेड
वकील साहेब मग सिगरेट, गायछाप, सगळं उघड्यावर विकायलेत ते कसं चालतंय? गुटख्याला २०१२ पासून बंदी हाय महाराष्ट्रात, आमच्या चौकात पुड्याचे हार लटकलेले आसतेत. बंदी म्हणजे फक्त भाव वाढतोय.

वकील_धाराशिव
तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. भाव वाढतो आणि माल कुठून आला ते कळत नाही. पण तुम्हीच बघा, ह्याचा तोटा कुणाला? इंग्लंडात औसेकरांच्या बाटलीवर किती निकोटीन ते छापलेलं असतं, एका मिलीत २० मिलीग्रॅमच्या वर नाही, टँक दोन मिलीचा, बाटली दहा मिलीची, असा नियम आहे. आपल्या टपरीवरच्या चोरट्या मालावर जे छापलंय ते आत आहे का, हे सांगणारा कोण? तक्रार तरी कुणाकडे करणार, विकत घेणाराच अडकतो.

कापूस_तूर_सेलू
मी ह्यातला नाही, तंबाखूचा बी नाद नाही, पण निकोटीन शब्द वाचला म्हणून लिहायलो. आमच्या आज्याच्या काळात पिकावर मावा कीड पडली की तंबाखूची पानं रात्रभर भिजत घालायची, उकळायची आन् ते पाणी झाडावर मारायचं. आता अग्निअस्त्र म्हणून जे घरगुती कीडनाशक करतेत त्यात बी तंबाखू घालतेत, मिरची, लसूण, कडूनिंबासंगं. कपाशीवर जे इमिडाक्लोप्रिड मारतो आपण तेबी निकोटीनच्याच खानदानातलं हाय, किडीच्या नसांवर त्याच पद्धतीनं काम करतंय.

आज्यानं एकदा ते तंबाखूचं पाणी हातानं ढवळलं होतं, उघड्या हातानं. अर्ध्या तासात चक्कर, मळमळ, घाम. बांधावर आडवं झालं. बैलगाडीत घालून आणलं. तवापासून आमच्या घरात त्याला काठीशिवाय कुणी हात लावत नाही. मग मला विचारायचं हाय, औसेकर भाऊ, तुमी ते लिक्विड भरताना, धुताना हाताला लागतंय का? लेकरं हायत का घरात?

आन् धुण्याचं म्हणाल तर आमाला नवीन नाही. फवाऱ्याची टाकी आमी तीनदा विसळतो, नोझल काढून दाताच्या ब्रशनं घासतो, फुंकायचं नसतंय तोंडानं. एका औषधाचा अंश राहिला अन् दुसरं भरलं की पीक करपतंय. जे माणूस पिकाच्या टाकीला एवढं जपतंय त्यानं तोंडात जायची टाकी न धुता ओढावी हे मला पटत नाही.

औसेकर_परगावी
काका तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. हाताला लागतंय. सुरुवातीला मी लक्षच देत नव्हतो, चिकट लागलं की पॅंटला पुसायचो. एकदा भरताना बाटली निसटली, तळहातभर सांडलं, त्या रात्री डोकं जड झालं होतं, मला वाटलं जागरणाचं असंल. आता लगेच साबणानं धुतो, आणि धुतलेलं पाणी सिंकमध्ये भांडी असताना ओतत नाही. मुलगी तीन वर्षाची आहे. बाटल्यांना दाबून फिरवायचं झाकण असतं तरी मी वरच्या कपाटात कुलपात ठेवतो. गोड वासाचं असतं ते, लेकराला सरबत वाटंल.

नोझलचं तुम्ही अगदी बरोबर पकडलं. मी आधी स्ट्रॉबेरीवालं आणि मग पुदिन्यावालं न धुता एकाच टँकमध्ये भरायचो. पुदिना, बडीशेप, दालचिनी हे वास रबराच्या रिंगात मुरतात, जाता जात नाहीत. दालचिनी आणि लिंबाच्या फ्लेवरनं तर प्लास्टिकचा टँक तडकतो, काचेचाच घ्यावा लागतो. आणि जेवढं गोड लिक्विड तेवढी कॉइल लवकर काळी. साखरेचा पाक तळाला लागून करपतो तसा थर बसतो तिच्यावर. डिस्पोजेबलमध्ये तोच थर बसत असणार, फक्त आपल्याला दिसत नाही. मला हेच सांगायचंय गोदाकाठ भाऊ, टँक मी उघडतो तेव्हा मला दिसतं मी काय ओढतोय. काळी झालेली कॉइल टिशूवर ठेवून बघितली ना, त्या दिवशी दहाच्या ऐवजी पाचच झुरके होतात.

गोदाकाठ_नांदेड
काळ्या कॉइलचा फोटो टाका भाऊ. आन् मी एक ऐकलंय, कॉइल उकळून घेतली की नवीनसारखी होती, पैसे वाचतेत.

औसेकर_परगावी
फोटो टाकत नाही, कुणाला हौस वाटायला नको. उकळून मी बघितलंय. कापूस फुगतो, सैल पडतो, वाळायला दोन-दोन दिवस लागतात आणि आतून ओला राहिला की चव घाण. तारेवरचा कोळसा काही जात नाही. इथं कॉइल दोन-अडीच पाउंडाला मिळते, मी दहा-बारा दिवसाला बदलतो. झुरक्याला करपट वास आला की आदल्या दिवशीच बदलायला पाहिजे होती असं समजायचं.

लेकराची_आई_अंबाजोगाई
मी इथं फक्त वाचायला येते, पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा १७ वर्षांचा, नीटच्या क्लासला लातूरला होस्टेलवर आहे. मागच्या रविवारी घरी आला होता. कपडे धुवायला काढले तर पॅंटच्या खिशात एक नळी सापडली. मला हायलायटर वाटला. गुलाबी रंग, टोपणासारखं तोंड. वास घेतला तर बबलगमचा. मी ठेवून दिली टेबलावर, म्हटलं अभ्यासाचं काहीतरी असेल. तो अंघोळीवरून आला, टेबलाकडं बघितलं आणि चेहरा पांढरा पडला त्याचा. तेव्हा मला कळलं की हे पेन नाही. आज हा धागा वाचून काय आहे ते कळलं.

घरात अजून कुणाला सांगितलं नाही. ह्यांना कळलं तर मारतील, क्लास बंद करतील. तो आता होस्टेलवर गेलाय आणि ती नळी माझ्या देवघराच्या खणात आहे. काय करू? पोराला काय बोलू? आणि ही वस्तू घरात ठेवणं धोक्याचं आहे का?

फार्मसीवाली_जालना
ताई, आधी पाणी प्या. तुम्ही काही चुकलेलं नाही, आणि तुम्ही ओरडला नाहीत हे फार चांगलं केलं. मी दोन मुलांची आई म्हणून आणि औषधाच्या दुकानात बसणारी म्हणून लिहिते.

पोराला फोनवर काही विचारू नका. समोर येईल तेव्हा, एकटं असताना, आधी एवढंच विचारा की कधीपासून आणि सकाळी उठल्या उठल्या लागतं का. सकाळी उठल्याबरोबर लागत असेल तर सवय शरीरात गेलीय, नुसतं "शपथ घे" म्हणून सुटणार नाही. लागत नसेल तर लवकर सुटेल. ह्या वयात मेंदू अजून घडत असतो, निकोटीन लवकर धरतं. तो अभ्यासाच्या ताणासाठी ओढतो असं म्हणेल. ओढल्यावर बरं वाटतं ते निकोटीनची तलफ भागली म्हणून, ताण काही कमी झालेला नसतो. तलफ उठते तेव्हा चिडचिड, लक्ष न लागणं, झोप मोडणं हे सगळं येतं, आणि पोराला वाटतं हे नीटचं टेन्शन आहे.

१८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडवण्याचा टोल फ्री नंबर आहे, समुपदेशक बोलतात. तुम्ही आईसुद्धा फोन करू शकता. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात पण नेता येतं. तुमच्या मनानं निकोटीनचं गम वगैरे देऊ नका, १८ च्या आतलं पोरगं आहे, डॉक्टरांना विचारूनच.

कापूस_तूर_सेलू
माय, पोराच्या बापाला सांगा पण आधी पोराशी बोलून घ्या. आमच्या घरी पुतण्याच्या गुटख्यावरून मारहाण झाली होती, त्यानं सोडला नाही, फक्त घरी यायचं सोडलं.

वकील_धाराशिव
ताई, ती वस्तू मुलाकडे परत देऊ नका आणि कुणाला देऊन टाकू नका. कायद्यात खरा रोख विकणाऱ्यावर आहे. मुलाला कुणी विकलं हे त्यानं सांगितलं तर पोलिसांत सांगता येतं, क्लासच्या परिसरात कुणी विकत असेल तर इतर पोरंही वाचतील. पण ते पुढचं, आधी मुलगा.

औसेकर_परगावी
ताई तुमचं वाचल्यावर मी भावाला पुन्हा फोन केला. काल दीड तास बोललो, एवढं आम्ही लहानपणापासून कधी बोललो नाही. दहा नग आणणार नाही म्हणून सांगितलं, आणि टँक पण आणणार नाही. आधी मी विचार केला होता की निदान टँक देतो, धुवायला शिकवतो, डुप्लिकेटपेक्षा बरं. पण तो सिगरेट ओढतच नव्हता तर त्याला एका चांगल्या भांड्यात तीच सवय कशाला देऊ. तो चिडला. म्हणाला तू तिकडं ओढतोस अन् मला शिकवतोस. मी म्हणालो, मी एका मिलीत २० मिलीग्रॅम निकोटीनवर होतो, मग १२, मग ६, आता ३ वर आलोय, बाटल्यांवर आकडे आहेत, बघ. तुझ्या नळीवर ५० लिहिलंय, म्हणजे एका मिलीत ५० मिलीग्रॅम, मी सुरुवात केली त्याच्या अडीच पट. त्याला ते माहीतच नव्हतं. गप्प बसला. शेवटी "बघू" म्हणाला. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही पण असतं आणि हो पण असतं.

मी टँक इथं मित्राकडं ठेवून येणार आहे. तीन आठवडे गावी राहायचंय. फार्मसीवाल्या ताई, मला सांगा तेवढ्यासाठी काय करू? संध्याकाळी वडील बाजेवर बसून तंबाखू मळतात, चुन्याची डबी समोर असते, माझा हात तिकडं जाईल ह्याची मला जास्त भीती वाटते.

फार्मसीवाली_जालना
३ वर आहात म्हणजे अर्धी लढाई झालेली आहे. मेडिकलवर २ मिलीग्रॅमचं निकोटीन गम मिळतं. सारखं चघळायचं नाही, हळू चावायचं, तिखट झिणझिण आली की गालात दाबून ठेवायचं, झिणझिण गेली की पुन्हा चावायचं. अर्धा तास चालतं. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा कॉफी नको, आंबट पण नको, मग ते नीट शोषलं जात नाही. आपल्या गावी आलेल्या माणसाला चहा टाळणं अवघड आहे हे मला माहीत आहे, चहा आधी घ्या, गम मागून.

आणि वडिलांनाही एखादं देऊन बघा. गालात धरायची सवय त्यांना आहेच.

औसेकर_परगावी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ७१ वर्षाचे आहेत. विचारतो.

सोल्डरिंगवाला_अंबाजोगाई
ताई, मी तुमच्याच गावचा हाय. तुमची ती नळी देवघरात नका ठेवू, समईजवळ तर अजिबात नको. आन् कचऱ्यात बी टाकू नका. उघडायला जाऊ नका, पाण्यात घालू नका. एक जुना स्टीलचा डबा घ्या, तळाला कोरडी वाळू टाका, नळीच्या तोंडाला सेलोटेप लावा म्हणजे कुणी चुकून ओढणार नाही आन् सेन्सरला वारा लागून तार तापणार नाही. ती वाळूत ठिवा, वरून अजून वाळू, झाकण सैल. गॅसपासून लांब, पोर्चमध्ये सावलीला. मी जुन्या बॅटऱ्या गोळा करून ई-कचरावाल्याला देत असतो, त्याच्यात ही जाईल. मी काय विचारणार नाही, कुणाची, कुठनं आली. संपादकांना सांगून मला निरोप पाठवा, पत्ता देतो.

लेकराची_आई_अंबाजोगाई
सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी लेक आला होता. गच्चीवर वाळवणाच्या पापडांवर लक्ष ठेवायला म्हणून त्याला घेऊन बसले आणि विचारलं. पाच महिने झाले म्हणाला. सकाळी उठल्याबरोबर लागत नाही, रात्री टेस्ट पेपरच्या आधी लागतं. रडला. मी पण रडले. मग त्यानंच तो नंबर माझ्यासमोर लावला आणि बोलला पंधरा मिनिटं. ह्यांना आम्ही दोघांनी मिळून सांगायचं ठरवलंय, दिवाळीला, तोवर मी रोज रात्री साडेनऊला त्याला फोन करते, पेपरच्या आधी.

डबा वाळू घालून पोर्चमध्ये ठेवलाय. निरोप पाठवला आहे, दुकान कधी उघडं असतं?

सोल्डरिंगवाला_अंबाजोगाई
मंगळवारी बंद असतंय ताई, बाकी सकाळी धा ते रात्री आठ कधीबी या. डबा हलवत आणू नका, गाडीच्या डिक्कीत नको, पायाजवळ ठिवा.